गरम इंजिनाची साक्ष

खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्यास उतरणारा रस्ता असो किंवा मोखाडा-जव्हारकडे जाणारा, या डोंगराळ मुलखात व्यापाऱ्याच्या मोटारसायकलीस उसंत नसते. पाड्यांवरील उधारीची वसुली, दुकानाचा किरकोळ माल, कसारा स्थानकापर्यंतची ये-जा, सारे तिच्यावरच चालते. आणि अशा वापरातील गाडीची एक तक्रार ठरलेली असते : सकाळी ती पहिल्या किकला सुरू होते, घाट चढून पाच मिनिटे थांबावे तर पुन्हा सुरू होत नाही, आणि अर्ध्या तासाने काही न करताच सुरू होते.

या दोषाची खरी अडचण अशी, की गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत इंजिन थंड झालेले असते व पुरावा नाहीसा होतो. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, पुढे कार्बोरेटर, पुढे बॅटरी. पैसे जातात, दोष राहतो. रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी तिजोरी बदलत नाही. चूक ज्या पानावर झाली ते पान शोधतो. येथे ते पान म्हणजे गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे. त्या वेळी मालकाने स्वतः पाहिलेले मेकॅनिकच्या तर्कापेक्षा मोलाचे ठरते.

पेट्रोल-इंजिनास तीन गोष्टी लागतात : ठिणगी, इंधन आणि दाब. यांपैकी कोणती नाही, एवढेच ठरवायचे आहे. प्रथम गाडी वळणापासून दूर, रस्त्याच्या कडेला लावावी. किल-स्विच व पेट्रोल पाहून टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन गाडी थोड्या वेळात सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. हवा आत न शिरल्याने पेट्रोल खाली उतरत नव्हते. हा दोष छिद्र साफ करताच जातो.

नंतर ठिणगी. यासाठी एक जादा प्लग जवळ असावा. इंजिनातील प्लग जागीच राहू द्यावा; त्याची टोपी काढून जादा प्लगला लावावी, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावे आणि टोपी रबराच्या बाजूने धरून किक मारावी. झाकण आधी बंद केलेले असावे व जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी दिसलीच नाही, किंवा मंद तांबूस दिसली आणि गाडी निवल्यावर निळी, ठसठशीत झाली, तर संशय इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल किंवा सीडीआयवर जातो. कॉइलमधील तार केसासारखी बारीक असते. उष्णतेने तिचे आवरण दगा देते, किंवा तुटलेली टोके एकमेकांपासून दूर होतात; निवल्यावर ती पुन्हा टेकतात. म्हणून थंड कॉइल मीटरवर निर्दोष ठरते. ती गरम असतानाच मोजावी, असा आग्रह धरावा. तांब्याचा विद्युतरोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतोच. पण तो एकाएकी कित्येक पटींनी वाढला, तर कॉइल गेली असे समजावे.

ठिणगी चांगली असेल तर इंधनाकडे वळावे. गाडी थांबताच वारा थांबतो आणि इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत चढते. त्यातील पेट्रोलची वाफ होते किंवा ते आत ओघळून मिश्रण दाट होते. अशा वेळी चोक ओढणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. चोक बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून सात-आठ किका माराव्यात. त्याने गाडी सुरू झाली तर पेट्रोल जादा झाले होते. फ्लोट व त्याची सुई तपासून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. तेथे चावी फिरवताच पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते का आणि इंजिनाचा दिवा पेटून राहतो का, हे पाहावे.

तिसरी गोष्ट दाब. किक पायाने सावकाश दाबून पाहावी. थंडपणी जाणवणारा विरोध गरमपणी नाहीसा होत असेल, तर टॅपेट घट्ट झाले आहेत. उष्णतेने व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि तो पुरता मिटत नाही. टॅपेटचे अंतर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, थंड इंजिनातच फिलर गेजने लावून घ्यावे. हे काम स्वस्तातले. दुर्लक्ष केल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उघडावे लागते.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. गरम प्लग ओढून काढू नये. हेडचे आटे जातात. आणि बंद इंजिनाने, न्यूट्रलवर घाट उतरण्याचे साहस तर मुळीच करू नये. सारा भार ब्रेकवर येतो.

मग वहीत चार ओळी लिहाव्यात : किती किलोमीटर चालल्यावर थांबलो, ठिणगी होती का, किक हलकी लागली का, किती वेळाने गाडी सुरू झाली. तो कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा आणि गाडी अर्धा तास चालवून, गरम असतानाच तपासण्याची विनंती करावी. सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचणे ज्यांच्या दिनक्रमात आहे, त्यांना अर्ध्या तासाचा खोळंबा काय असतो, हे निराळे सांगावयास नको.