पट्टेवाली 'भटकी' कुत्री

गेल्या हिवाळ्यात आदिलाबादेत साडूंकडे गेलो होतो. तेलंगणातला जिल्हा, पण पैनगंगेपलीकडे यवतमाळ असल्याने बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. साडूंनी वरातीला भाड्याने द्यायला एक घोडी पाळली आहे. सकाळी हौसेने तिच्यावर बसलो, तर ओढ्याजवळ चार कुत्री धावून आली. मी टाच मारणार तोच साडू ओरडले, "पळवू नका! तोंड कुत्र्यांकडे वळवा, उभी करा." पळणाऱ्याच्या मागे कुत्रे लागणारच. घोडी उभी राहिली, कुत्रीही भुंकून थबकली.

राग आला तो कुत्र्यांचा नव्हे. दोघांच्या गळ्यात चक्क पट्टे होते! घोडी उधळून माझी हाडे मोडली असती, तर हीच कुत्री 'भटकी' ठरली असती. आमच्या गोव्यात तरी काय वेगळे? राखणीला आमचे, चावले की पंचायतीचे! २०२३च्या केंद्रीय नियमांत भटक्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांकडे आहे, पण पाळलेल्याची जबाबदारी मालकाचीच. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा असतो म्हणून आपण दोघांनाही हात जोडतो. दारचे कुत्रे बांधायला मात्र आपल्याला दोरी सापडत नाही.

असो. साडूंनी पट्टेवाल्यांच्या मालकाला गाठले. "रात्रीचीच सोडतो हो," तो म्हणाला.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.