काठावर उभं राहिलेलं मूल

गुढीपाडवा जवळ आला की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या गावांत ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर परतू लागतात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याहून, काही तर थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडांवरून आलेल्या ट्रॉल्यांतून भांडी, कोयते, गुंडाळलेली ताडपत्री उतरते आणि त्यांच्याबरोबर अडीच-तीन वर्षांची पोरंही. दसऱ्यानंतर गाव सोडताना ती कडेवर होती. आता पळतात, बोलतात, आणि थोड्याच दिवसांत अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहतात.

उभीच राहतात. आत मुलं गोल करून बसलेली, मध्ये ठोकळे पसरलेले, आणि हे पोर चौकटीला धरून नुसतं बघतंय. दंडाला धरून आत बसवलं की भोकाड पसरतं. मग दोनपैकी एक शेरा ठरलेला: ‘बुजरंय’, नाहीतर ‘फडावर राहून आडदांड झालंय’. दोन्ही शेरे घाईचे आहेत.

मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेनं अमेरिकेत मिनेसोटातल्या बालशाळेत दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा मोकळा खेळ बारकाईनं टिपला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात नुसतं बघत राहणं हा वेगळा प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. त्याशिवाय एकट्यानं खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि मिळून खेळणं. या एकापाठोपाठ चढायच्या पायऱ्याच आहेत, असा समज नंतर रूढ झाला. तो पुरता खरा नाही. तीन वर्षांची मुलं शेजारी-शेजारी खेळण्याचा उपयोग गटात शिरण्यासाठी करतात, असं रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी १९८० मध्ये दाखवलं. आधी जवळ जाऊन तसंच काहीतरी करत बसायचं, मग सामील व्हायचं. अनोळखी लग्नघरात मोठी माणसं तरी वेगळं काय करतात?

फडावरच्या मुलाला सवंगडी नसतात, असंही नाही. आई-बाप पहाटेच ऊस तोडायला जातात आणि धाकटं मोठ्या बहिणीच्या गळ्यात पडतं. ती जिथं जाईल तिथं हे मागं. मोठ्यांच्या घोळक्यात ते पाचटावर लोळतं, वाढ्यांची पेंडी ओढत नेतं. नियम मोठी मुलं ठरवतात आणि त्याला लिंबूटिंबू म्हणून सांभाळून घेतात. अंगणवाडीत मात्र सगळी त्याच्याच उंचीची. ठोकळा ओढला की समोरचं पोरही तितक्याच जोरानं ओढतं. म्हणजे खेळ त्याला येतो, बरोबरीच्यांशी खेळायचा सराव मात्र नाही. यावरून फडावर सगळं गोडच असतं असं कुणी समजू नये. ट्रॅक्टरची ये-जा, उघड्या चुली, विहिरी, उसाची टोकदार खोडकं यांच्यात वाढणाऱ्या मुलाला मोकळं सोडणं आईला परवडत नाही.

तेव्हा पहिले काही दिवस त्याला काठावर उभं राहू द्यावं. दाराशीच एक चटई, तिच्यावर डबे, झाकणं, वाळूचं घमेलं, आणि प्रत्येक वस्तू निदान दोन-दोन. (चिंचोके, खडे तीन वर्षांखालच्यांना नकोत, ते थेट तोंडात जातात.) एखादं शांत मूल तिथं आधीपासून खेळत असेल तर उत्तम. मोठी बहीण थोडे दिवस शेजारी बसली तर तिला हाकलू नये. ‘दे की त्याला, शहाणा ना तू’ हे वाक्य तर अंगणवाडीतून हद्दपारच व्हायला हवं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘माझं’ नुकतंच सापडलेलं असतं आणि ते सोडायला लावलं की ते आणखी घट्ट धरतं. गाणं संपेपर्यंत तुझं, मग तिचं, असा डाव लावला तर पाळी लवकर समजते.

मूल येत नसेल तर आपणच त्याच्याकडे जावं, हा विचार मराठी बालशिक्षणात जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पाड्यांवरच्या अंगणात बालवाडी नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडला हलल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, पानं, दगड हीच त्यांची साधनं होती. फडाजवळच्या कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या, वस्तीला याहून जास्त काही लागत नाही.

अडचण दुसरीच आहे. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वयासाठी आहे. त्याखालच्या मुलाच्या वाट्याला घरपोच आहार, लसीकरण, वजन आणि गृहभेट येते, सवंगडी येत नाहीत. स्थलांतराची नोंद अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर करता येते, पण मूल कुणाबरोबर खेळतं, कशाला घाबरतं, कोणतं गाणं लावलं की जवळ येतं, हे फडाजवळच्या अंगणवाडीतल्या सेविकेला कसं कळणार? दसऱ्याआधीच्या गृहभेटीत सेविकेनं एवढ्या चार ओळी कागदावर लिहून आईजवळ द्याव्यात, आणि पाडव्याला तिकडून तसाच कागद यावा. कोप्यांवरची मुलं आपल्या हजेरीपटावरची नाहीत, असं म्हणणारी केंद्रंही भेटतील. त्यांच्याशी मुख्यसेविकांनी उन्हाळ्यातच बोलून ठेवावं. टोळ्या उतरू लागल्यावर कुणालाच सवड नसते.