लगोरीचे चॅनल कधी?

बोलिंगसाठी स्वतंत्र टीव्ही चॅनल असावे, असे कुणी म्हणाले तर आपल्याकडे पहिला प्रश्न येणार, ‘म्हणजे कुंबळेसाठी का?’ पण इथे विषय क्रिकेटचा नाही. लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून समोरच्या दहा बाटल्यांसारख्या पिना पाडायच्या, त्या बोलिंगचा आहे.

विषय निघाला तो तिरोडीत. बालाघाट जिल्ह्यातले हे मँगनीजच्या खाणींचे गाव. ‘तिरोडाइट’ नावाच्या खनिजाला याच गावाचे नाव दिले गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. माझे मेहुणे तिथे नोकरीला आहेत. धारवाडकडचे घर, बाहेर हिंदी, शेजारी मराठी आणि जेवताना कन्नड. त्यांचा मुलगा मला ‘मामा’ म्हणतो, कारण कन्नडमध्ये आत्याचा नवराही मामाच. नागपूरच्या एका मॉलमध्ये तो बोलिंग खेळून आला होता. ‘मामा, क्रिकेटला इतकी चॅनले, मग याला का नाही? याके इल्ला?’

प्रश्न पोरकट नाही. अमेरिकेत एबीसी वाहिनीने 1962 ते 1997 अशी पस्तीस वर्षे शनिवारी दुपारी व्यावसायिक बोलिंगचे सामने दाखवले. खेळ तसा टीव्हीच्या सोयीचा. साठ फुटांची पट्टी एका कॅमेऱ्यात मावते, एका डावाच्या दहा फेऱ्या, आणि सलग बारा वेळा सगळ्या पिना पडल्या की पूर्ण तीनशे गुण. शिवाय पट्टीवर तेलाचा पातळ थर असतो. तो बघणाऱ्याला दिसत नाही, पण चेंडू कुठे वळणार हे तोच ठरवतो. म्हणून समालोचक जाणकार लागतो. नाहीतर तासभर नुसता खडखडाट.

आपल्याकडे मात्र बोलिंग कोणत्या दाराने आले ते पाहा. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदीच्या अखेरीस बोलिंगचे केंद्र उभे राहिले. गिरणीच्या जमिनीवर कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून त्याला परवानगी घेतल्याचे तेव्हा लिहून आले होते. गिरणी कामगार तिथे किती वेळा खेळायला गेला असेल, हे वाचकांनीच ताडावे. आज तिथे झगमगीत मॉल आहे. तिरोडीसारख्या खाण कामगारांच्या वस्तीत बसून ही गोष्ट आठवली की जरा वेगळीच वाटते.

तेव्हा चोवीस तासांचे बोलिंग चॅनल आपल्याकडे चालेल असे मला वाटत नाही. जो खेळ अंगणात नाही, तो पडद्यावर किती दिवस टिकणार? पण अंगणातल्या खेळांचे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

कबड्डीचेच बघा. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक केले. पण घराघरांतल्या टीव्हीवर ती खऱ्या अर्थाने आली 2014 मध्ये, प्रो कबड्डी लीगमुळे. तेही स्वतंत्र चॅनल घेऊन नव्हे, तर काही आठवड्यांचा हंगाम घेऊन. माती जाऊन मॅट आली, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, तिसऱ्या रिकाम्या चढाईत गुण नाही मिळाला तर खेळाडू बाद. जुन्या खेळाडूंना हे रुचत नाही. मला मात्र घड्याळ चालते. दम कुणी मध्येच चोरला यावरून होणारी हमरीतुमरी तरी वाचली. खंत एवढीच, की वाद्यांच्या गोंगाटात ‘कबड्डी कबड्डी’चा घोष ऐकूच येत नाही.

आणि 2015 चा अंतिम सामना आठवतो? यू मुंबा विरुद्ध बेंगळुरू बुल्स! आमच्यासारख्या दुभाषी घरांत त्या संध्याकाळी सोफ्यावरच सीमारेषा आखली गेली होती. मुंबई जिंकली. बेंगळुरूने 2019 च्या जानेवारीत विजेतेपद मिळवून हिशेब चुकता केला, असे माझी पत्नी अजूनही ऐकवते.

राहिली लगोरी. मराठीत लगोरी, कन्नडमध्येही लगोरीच, तिरोडीच्या पोरांचा पिट्टू. सात चपट्या दगडांची उतरंड चेंडूने फोडायची ही तर बोलिंगची सख्खी बहीण. उलट बोलिंगमध्ये पाडलेल्या पिना यंत्र उभ्या करते. इथे अंगावर चेंडू येत असताना त्या आपणच रचायच्या. यात नाट्य जास्त, आणि खर्च एका रबरी चेंडूचा. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, ‘पण मामा, याचे गुण कसे मोजायचे?’ अगदी नेमके बोलला. प्रत्येक गल्लीचा नियम वेगळा असेल तर कॅमेरा काय दाखवणार आणि समालोचक काय सांगणार?

खो-खोने हे काम आधी केले. नियम, मैदान, वेळ सगळे बांधून घेतले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, आणि त्याच संघात कर्नाटकाची चैत्रा बी. आमच्या महाविद्यालयातल्या मुलींनी तो सामना मोबाईलवर पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावरचे खांब रंगवायला शिपाईमामांकडे चुना मागितला.