‘एस टियर’ शस्त्र म्हणजे नक्की काय? गेनशिन इम्पॅक्टच्या याद्या, त्यामागचं गणित आणि आपला खिसा

साधारण दर तीन आठवड्यांनी गेनशिन इम्पॅक्टचा शस्त्रांचा बॅनर बदलतो आणि यूट्यूबवर नव्या टियर लिस्टचा पाऊस पडतो. एस, ए, बी, सी अशा रांगा, वरच्या रांगेत चमचमणारी पाच स्टारची शस्त्रं आणि थंबनेलवर एकच प्रश्न : पुल करायचं की सोडायचं?

आमच्या प्रकाशात, तापीकाठी बसलेल्या पोरांच्या फोनमध्ये बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स जास्त, गेनशिन कमी. पण टियर लिस्ट सगळेच बघतात. म्हणून आधी एक फरक समजून घेऊ. बीजीएमआयमध्ये एम४१६ जमिनीवर पडलेली असते. ज्याला सापडली त्याची, आणि मॅच संपली की तीही संपली. तिथली ‘बेस्ट गन’ची यादी म्हणजे खेळण्याचा सल्ला. गेनशिनसारख्या ॲक्शन आरपीजीत वरच्या रांगेतली बहुतेक शस्त्रं लॉटरीसारख्या पुलमधून मिळतात. त्यामुळे तिथली यादी ही कळत-नकळत खरेदीची यादी होते. म्हणूनच ती जरा उघडून बघायला हवी.

यादी बनते कशी?

गेनशिन सप्टेंबर २०२० मध्ये आला. त्यात शस्त्रांचे पाच प्रकार आहेत : तलवार, क्लेमोर, पोलआर्म, धनुष्य आणि कॅटलिस्ट. प्रत्येकाला एक ते पाच स्टार, ९० पर्यंत लेव्हल आणि एक ते पाच रिफाइनमेंट. एकच शस्त्र पुन्हा मिळालं की रिफाइनमेंट वाढवता येते आणि त्याचा खास गुण जास्त जोरात चालतो.

यादी बनवणारे डॅमेजचं गणित मांडतात. अटॅक, डॅमेज बोनस, क्रिट रेट, क्रिट डॅमेज हे सगळं एकमेकांशी गुणलं जातं. गुणाकार आहे म्हटल्यावर खरी गंमत इथे येते. समजा एखादं शस्त्र २० टक्के डॅमेज बोनस देतं. तुमच्या पात्राकडे आधीच १०० टक्के बोनस असेल, तर तुम्ही २०० वरून २२० वर जाता, म्हणजे प्रत्यक्षात वाढ १० टक्के. तेच बोनस आधी फक्त २० टक्के असेल, तर १२० वरून १४०, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. शस्त्र एकच, फायदा वेगळा.

क्रिट रेटचंही तसंच. तो १०० टक्क्यांच्या वर गेला की उरलेला वाया. तुमच्या आर्टिफॅक्टमुळे तो आधीच ९० असेल, तर क्रिट रेट देणारं महागडं शस्त्र तुमच्या हातात अर्धं बोथट. मग यादीतलं ‘एस’ कोणासाठी? ज्याचं गणित धरून ती बनवली, त्या काल्पनिक खेळाडूसाठी.

यादी कुठे घसरते?

पहिली जागा : टीम. फॅव्होनियस मालिकेतली चार स्टारची शस्त्रं स्वतःचं डॅमेज फार वाढवत नाहीत, म्हणून नुसत्या आकड्यांच्या यादीत खाली दिसतात. पण क्रिट बसला की ती एनर्जीचे कण तयार करतात आणि अख्ख्या टीमचे बर्स्ट लवकर भरतात. त्याहून मजेशीर उदाहरण म्हणजे ‘थ्रिलिंग टेल्स ऑफ ड्रॅगन स्लेयर्स’. फक्त तीन स्टारचं कॅटलिस्ट. पण ते धरलेल्या पात्रावरून दुसऱ्यावर गेलात की येणाऱ्या पात्राचा अटॅक १० सेकंदांसाठी २४ टक्के वाढतो, पूर्ण रिफाइनमेंटला ४८ टक्के. स्टार मोजून शस्त्र फेकणारा हे कधीच वापरणार नाही.

दुसरी जागा : तुमचा फोन. हा मुद्दा याद्यांमध्ये क्वचितच येतो. ‘सर्पंट स्पाइन’ हे क्लेमोर घ्या. पात्र मैदानात असताना दर चार सेकंदांनी डॅमेज ६ टक्के वाढतं, पाच टप्प्यांपर्यंत, म्हणजे ३० टक्के. मात्र तुम्हाला एक फटका बसला की एक टप्पा गेला. यादीत हे वर असतं, कारण यादीतला खेळाडू फटका खातच नाही. आता ते एका साध्या फोनवर खेळून बघा. फ्रेम अडकतायत, फोन तापलाय, अंगठ्याने डॉज मारताय, आणि भारतासाठी वेगळा सर्व्हर नसल्यामुळे आपण सहसा आशिया सर्व्हरवर, जास्त पिंगवर. पूर्ण टप्पे टिकणं अवघड. अशा फोनवर ज्याचा गुण कुठल्याही अटीशिवाय चालतो, ते ‘बी’ रांगेतलं शस्त्र जास्त भरवशाचं ठरतं.

तिसरी जागा : गरज. बहुतेक गणितं स्पायरल अबिस डोळ्यांसमोर ठेवून होतात, जिथे घड्याळ लावलेलं असतं. तुम्ही गोष्ट खेळताय, नकाशा फिरताय, तर तिथे घड्याळ नाही. दहा सेकंद उशिरा मेलेला शत्रूही मेलेलाच असतो.

आणि फुकट शस्त्रांचं काय? ‘द कॅच’ हा पोलआर्म इनाझुमात मासे पकडून, ते देऊन मिळतो. त्याची रिफाइनमेंटही माशांवरच पूर्ण होते. तापीकाठच्या माणसाला हा व्यवहार वेगळा समजावायची गरज नाही. पूर्ण रिफाइनमेंटला तो बर्स्टचं डॅमेज ३२ टक्के आणि बर्स्टचा क्रिट रेट १२ टक्के वाढवतो, वर एनर्जी रिचार्जही देतो. रायडेन शोगुनला नेमकं हेच लागतं. तिचं खास पाच स्टारचं शस्त्र सरस आहेच. पण प्रश्न ‘सरस कोण’ एवढाच नसतो, ‘किती सरस आणि किती रुपयांनी’ हा असतो.

आता रुपयांचं गणित

शस्त्राच्या बॅनरवर एका पुलमध्ये पाच स्टारचं शस्त्र मिळण्याची मूळ शक्यता ०.७ टक्के आहे. ८० व्या पुलला ते नक्की मिळतं, यालाच पिटी म्हणतात. फक्त मूळ शक्यता धरली तर ५० पुल करणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ७० जणांच्या हाती पाच स्टारचं काहीच लागत नाही.

मिळालं तरी हवं तेच मिळेल असं नाही. बॅनरवर दोन शस्त्रं असतात आणि त्या दोघांपैकी एक येण्याची शक्यता ७५ टक्के. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं एक पहिल्या फेरीत येण्याची शक्यता ३७.५ टक्के. २०२४ मध्ये ५.० व्हर्जनपासून नियम थोडा सौम्य झाला : निवडलेलं शस्त्र पहिल्यांदा चुकलं तर दुसऱ्यांदा नक्की. तरीही सगळ्यांत वाईट नशिबात १६० पुल. एका पुलला १६० प्रिमोजेम, म्हणजे एकूण २५,६००.

हे विकत घ्यायचं ठरवलं तर? सर्वांत मोठं पॅक ९९.९९ डॉलरचं, बोनस धरून त्यात ८,०८० क्रिस्टल. तीनपेक्षा जास्त पॅक लागतील. म्हणजे ३०० डॉलरच्या वर, आपल्याकडे पंचवीस हजार रुपयांपुढे. एका शस्त्राला. त्या पैशात बरा नवा फोन येतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे फोन बदलला तर सगळीच शस्त्रं सुधारतात.

हा हिशोब खेळताना का दिसत नाही? कारण रुपयाचं आधी क्रिस्टल होतं, क्रिस्टलचं प्रिमोजेम, प्रिमोजेमचं फेट आणि फेटचं पुल. चार वेळा चलन बदललं की माणूस किंमत विसरतो.

अमेरिकेने काय केलं, आपल्याकडे काय आहे?

नेमक्या याच मुद्द्यावर १७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेनशिनच्या कंपनीबरोबरची तडजोड जाहीर केली. आरोप असे होते की बक्षिसांची शक्यता आणि खरा खर्च याबद्दल खेळाडूंची, त्यात मुलांची, दिशाभूल झाली. कंपनीने २ कोटी डॉलर भरायचे आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत, असं ठरलं. बेल्जियमने तर २०१८ मध्येच पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सला जुगारात धरलं होतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि मुंबईच्या ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. हा कायदा मुख्यतः त्या खेळांवर आहे, जिथे पैसे लावून बदल्यात पैसे किंवा तसाच लाभ मिळवण्याची अपेक्षा असते. ‘गाचा’ किंवा ‘लूट बॉक्स’ ही नावं त्यात नाहीत. माझ्या मते फट इथेच आहे. गाचामध्ये पैसा आत जातो, बाहेर येत नाही. जिंकलेलं शस्त्र अकाउंटमध्येच अडकतं. म्हणून तो मनी गेमसारखा दिसत नाही, पण नशिबावर पैसे लावण्याची सवय तीच लागते. अमेरिकेत पंधरा वर्षांच्या मुलाला मिळालेलं संरक्षण नंदुरबार जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलालाही मिळायला हवं, आणि त्यासाठी शक्यता व रुपयातली किंमत खरेदीच्या बटणाशेजारीच दिसली पाहिजे.

तोवर माझी क्रमवारी

मी शस्त्रं स्टारने लावत नाही, अशी लावतो :

१. पात्राच्या गरजेला जुळणारं, फुकट आणि पूर्ण रिफाइन होणारं शस्त्र. ‘द कॅच’ यातलं.
२. लोहाराकडे बनवता येणारी चार स्टारची शस्त्रं आणि टीमला मदत करणारी फॅव्होनियससारखी.
३. साठवलेल्या फुकट प्रिमोजेमवर, पिटीपर्यंत पोचण्याइतका साठा असेल तरच, बॅनरचं शस्त्र.
४. पैसे देऊन घेतलेले पुल. यादीत सगळ्यांत शेवटी.

आणि तीन कामं आजच करून टाका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, खास करून फोन घरात सगळे वापरत असतील तर. तिथेच महिन्याचं बजेटही ठरवता येतं. ‘स्वस्तात टॉप-अप’ किंवा ‘एस टियर आयडी विकणे आहे’ म्हणणाऱ्याला पासवर्ड, ओटीपी किंवा यूपीआय पिन देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

आमच्या गावात १९५४-५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तेव्हा सर्वांत जुन्या थरात ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. ताम्रपाषाण म्हणजे तांबं आणि दगड, दोन्ही एकाच वेळी वापरात. तांबं आलं म्हणून लोकांनी दगडाची धारदार पाती लगेच फेकली नाहीत. जे काम ज्याने होतं, ते त्याने केलं. पुढचा बॅनर आला की एवढंच विचारा : आत्ता जे शस्त्र हातात आहे, त्याने माझं कोणतं काम अडलंय?