उणे म्हणजे ‘नाही’ नव्हे

ऋण संख्या आपल्याकडे बहुधा एका मंत्राने शिकवल्या जातात: ‘उणे गुणिले उणे अधिक.’ मंत्र पाठ होतो, गुणही मिळतात. पण उणे ७ मोठी की उणे ३, असे अचानक विचारले तर वर्गात दोन्ही उत्तरे ऐकू येतात. माझे मत असे, की नियम पाठ करून घेण्याआधी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: शून्य कुठे आहे? दिशा कोणती?

आपले जबलपूर स्टेशन शून्य माना. कटनीकडची दिशा धन, इटारसीकडची ऋण. मग अधारताल धन बाजूला आणि मदन महल ऋण बाजूला येते. मदन महल काही ‘नसलेले’ स्टेशन नव्हे, ते फक्त दुसऱ्या दिशेला आहे. शून्य इटारसीला नेले तर तेच मदन महल धन होते. दोन स्टेशनांमधले अंतर मात्र बदलत नाही.

ऋण म्हणजे कर्ज, ही जुनी उपमा बेरीज-वजाबाकीला चांगली आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण हेच शब्द वापरून नियम दिले. पण गुणाकारात ती अडते. कर्जाला कर्जाने गुणले की कमाई कशी होईल? इथे रेल्वे मदतीला येते. एक मालगाडी ताशी ४० किमी वेगाने इटारसीकडे चालली आहे, म्हणजे वेग उणे ४०. आत्ता ती जबलपुरात आहे. दोन तासांपूर्वी, म्हणजे उणे २ या वेळी, ती कुठे होती? कटनीच्या बाजूला ८० किमीवर. उणे ४० गुणिले उणे २ बरोबर अधिक ८०. मंत्र लागलाच नाही.

कारवाई सुरू होण्याच्या वेळेला सैन्यात ‘एच’ म्हणतात. ‘एच उणे ३०’ मिनिटे हे ‘एच उणे १०’ च्या आधी येते. तीस हा आकडा मोठा दिसतो म्हणून ती वेळ नंतरची मानणारा वीस मिनिटे उशिरा पोहोचेल. परीक्षेत गुण जातील, तिथे माणसे जातील.

‘एनडीएच्या परीक्षेत वेळ कमी, आधी नियमच हवेत,’ असे काही पालक म्हणतात. नियम हवेतच. पण चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापले जातात, आणि समजून घेतलेला नियम घाईत उलटा होत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक उदाहरण आहे. माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. उरलेले एक फांदीवर दिसले. कळप किती? समीकरणाला ५० आणि ५ ही दोन्ही उत्तरे चालतात. पण ५ घेतले तर वर्ग करण्याआधी ‘उणे दोन माकडे’ येतात. भास्कराचार्यांनी ते उत्तर सोडून दिले. ऋण संख्या त्यांना उत्तम येत होत्या. ती कुठे अर्थ देते आणि कुठे देत नाही, हेही ते तपासत होते.

अधिकाऱ्याला हीच सवय लागते. म्हणून शिक्षकांनी फळ्यावर आधी संख्यारेषा काढावी, चिन्हांचा नियम नंतर लिहावा. आणि कॅडेट मित्रांनो, उत्तर उणे आले की पुढे जाण्याआधी विचारा: कशापासून उणे, आणि कोणत्या दिशेला?