बोहारणीकडून आणलेलं बाळ

"तुला ना, दोन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय!" मैत्रिणींनो, लहानपणी हे आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय! बोहारीण आता पूर्वीइतकी फिरकत नाही, पण थट्टा मात्र टिकून आहे. मीही ती केलीय, माझ्याच थोरलीची.

बचत गटाच्या निमित्तानं मी एका अंगणवाडीत जाते. तिथला चार वर्षांचा एक बडबड्या मुलगा अचानक गप्प झाला. चड्डीत शू व्हायला लागली, खाऊ तसाच राहायचा. आजी म्हणाल्या, "धाकटं आलंय ना, नाटकं नुसती!" सेविकाताईंनी खेळता खेळता त्याला बोलतं केलं. म्हणाला, "ती भांडीवाली मला न्यायला कधी येणार?" बारशाला जमलेल्या पाहुण्यांनी दिवसभर चिडवलं होतं, "नवीन बाळ आलं, आता तुला परत देणार." सगळे हसत होते. तोही हसला असेल.

या वयात थट्टा कुठली नि खरं कुठलं, हे मुलांना नीट उमगत नाही. धाकटं भावंड आल्यावर सुटलेली सवय परत लागणं तर डॉक्टरांना रोजचंच. रागावलं की ते आणखी वाढतं. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलांच्या अंगणापर्यंत गेल्या. आपल्याला तर घरातल्या घरात त्याच्याशेजारी बसायचंय.

पण सुनेनं सासूला सांगायचं कसं? शेवटी मीच गेले. "आताशा मेली गंमतही चालत नाही," आजी फणकारल्या. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "हा झाला तेव्हा दवाखान्यात तुम्हीच होतात ना? ते सांगा की त्याला." पुढच्या आठवड्यात पोरगं सगळ्यांना सांगत होतं, "मी झालो तेव्हा खूप पाऊस होता, आजी भिजली होती!" शू लगेच थांबली नाही, पण खाऊ संपायला लागला. असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो.

त्या रात्री हॉस्टेलवर थोरलीला फोन केला. "बोहारणीचं आठवतं का गं?"

"आठवतं तर! दुपारी तिची हाक आली की मी पलंगाखाली जाऊन बसायचे. तुला वाटायचं, मी लपाछपी खेळतेय."