अँटिगनीची उसनी साक्ष

आप्ताचा गुन्हा झाकणाऱ्या पात्राची चर्चा निघाली की समीक्षेत अँटिगनीला साक्षीला बोलावण्याची प्रथा पडली आहे. एकीकडे राज्याचा कायदा, दुसरीकडे रक्ताचे नाते. दोन्ही पक्ष न्याय्य, म्हणून संघर्ष शोकात्म, ही हेगेलकडून आलेली मांडणी कोणत्याही लपवाछपवीवर चढवली जाते आणि पुरावा दडवणारा बाप पाहता पाहता शोकनायक ठरतो.

हे वाचन मूळ संहितेपाशीच कोसळते. सोफोक्लीसची अँटिगनी काहीही लपवत नाही. इस्मिनी गुप्तता पाळण्याचे वचन देते तेव्हा ती चिडते आणि हे सर्वांना सांगत सूट, असे बजावते. क्रेऑनसमोर ती कृत्य कबूल करते. तिच्या निष्ठेची किंमत ती स्वतः मोजते. गुन्हा झाकणाऱ्याच्या निष्ठेची किंमत मात्र तिसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. आणि द्वंद्वाच्या मांडणीत या तिसऱ्याला जागाच नसते.

आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स' (1947) या नाटकात हा तिसरा स्पष्ट दिसतो. जो केलरच्या कारखान्यातील सदोष सिलिंडर हेडमुळे 21 वैमानिक मरतात. आजारपणाचा बहाणा करून केलर सुटतो, भागीदार डीव्हर तुरुंगात खितपत पडतो. बेपत्ता लॅरी जिवंतच आहे हा केटचा हट्ट निव्वळ मातृप्रेम नाही. मुलगा मेला असे मानले, तर बापानेच त्याला मारले असे तिला मानावे लागेल. ममता हीच येथे गुन्हा दडवण्याची रीत झाली आहे. शिवाय डीव्हरलाही मुले आहेत आणि तीही बापाला तोडून बसतात. एक घर सावरण्यासाठी दुसरे मोडावे लागत असेल, तर त्या कृतीला 'कुटुंबमूल्य' कोणत्या आधारावर म्हणायचे?

यावर असा आक्षेप येतो की, कायदाही नात्याची कदर करतो. ते खरे आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 212 ने गुन्हेगाराला आसरा देणाऱ्या पती-पत्नीला वगळले होते. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती सवलत आहे. परंतु ती जोडीदारापुरतीच आहे, आईबापांना नाही. आणि शिक्षेतून सूट म्हणजे कृतीचा गौरव नव्हे. मानवी दुबळेपणा समजून घेणे वेगळे, त्याला शोकात्म उंची बहाल करणे वेगळे.

प्लेटोच्या 'युथिफ्रो'त बापाने बांधून खड्ड्यात टाकलेला मजूर थंडीने आणि उपासमारीने मरतो. मुलगा बापावर खटला भरतो, तेव्हा मेलेला नात्यातलाच असणार, असे सॉक्रेटिसही गृहीत धरतो. मेलेला परका की आपला, याने काय फरक पडतो, असे युथिफ्रो विचारतो. युथिफ्रोच्या धर्मज्ञानाचा फोलपणा प्लेटोने उघडा पाडला, पण त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्या मजुराला संवादात नावही नाही. केवळ घरातल्यांची घालमेल मोजणारी समीक्षा त्याला पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलते.